कोटाच्या आत काय असतं? चिलखताखालच्या डगल्यापासून फ्युजिंगपर्यंत



फ्रान्समधल्या ल्यों शहरात कापडांचं एक नावाजलेलं संग्रहालय आहे. तिथे साडेसहाशे वर्षांपूर्वीचा एक आखूड, अंगाबरोबर बसणारा, पुढून बटणांचा अंगरखा जपून ठेवलेला आहे. तो शार्ल द ब्लुआ याचा मानला जातो. ब्रिटनीच्या गादीसाठी हा माणूस वीस-तेवीस वर्षं भांडत होता आणि २९ सप्टेंबर १३६४ रोजी ओरेच्या लढाईत मारला गेला. अंगरख्याचं वरचं कापड फिकट रेशमाचं, त्यावर सोन्याच्या धाग्यात अष्टकोन आणि त्या अष्टकोनांत सिंह आणि गरुड. बघणारे या सिंह-गरुडांवरच थांबतात. मला त्यात रस आहे तो आतल्या भागामुळे. रेशमाच्या आत कापसाचा थर आहे, त्याखाली अस्तर आहे आणि हे सगळे थर धावदोऱ्याच्या आडव्या ओळींनी एकमेकांना शिवून टाकले आहेत. त्यामुळे छाती भरदार आणि कंबर बारीक दिसते. मुंढे इतके मोठे आणि खोल कापले आहेत की बाही थेट छातीवर आणि पाठीवर चढते. तलवारीचा हात वर गेला तरी अंगरखा कमरेतून वर ओढला जाऊ नये, यासाठी ही सगळी खटपट.

आज लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेव जो सूट घालून उभा असतो, त्याच्या कोटाचं घराणं इथवर मागे नेता येतं. म्हणून लढायांच्या या मालिकेत आज शिंप्याची सुई आली आहे. गेल्या काही भागांत आपण तोफा, किल्ले, रसद यांवर बोललो. आज तेच युद्ध, पण आतल्या बाजूने.

चिलखताच्या लोखंडाखाली काहीतरी जाड लागतंच. नुसत्या अंगावर कड्यांचं चिलखत घातलं तर तलवारीच्या घावाने कातडी फाटली नाही तरी हाड मोडतं. म्हणून युरोपात रुई भरलेले, टाके घातलेले अंगरखे आले. आपल्याकडेही हेच घडलं. मराठीतला 'डगला' हा शब्द रुई भरलेल्या अशाच अंगरख्याचा. फरक पुढे पडला. आपल्या उन्हात रोजच्या वापराचा कपडा सैल आणि बंदांचा राहिला. बाराबंदीला आतून काही भरावं लागत नाही, ती अंगावर टेकते आणि वारा खाते. युरोपातल्या थंडीत मात्र चिलखत गेलं तरी त्याखालचा अंगरखा राहिला आणि तो दरबारात शिरला. सोळाव्या शतकात तिथले बडे लोक अंगरख्यात कापूस, लोकर, भुसा, जे मिळेल ते कोंबत होते. या भरावाला इंग्रजीत 'बॉम्बास्ट' म्हणत, म्हणजे मूळचा कापूसच. फुगवलेल्या, पोकळ भाषेला इंग्रजीत आज जो 'बॉम्बास्टिक' शब्द आहे तो या कोंबलेल्या कापसातून आला. भाषणबाजांसाठी याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी चित्र बदललं. रंगीत रेशमाची जागा साध्या, घट्ट लोकरी कापडाने घेतली. लंडनमध्ये या साधेपणाचा पुढारी होता जॉर्ज ब्रमेल, म्हणजे प्रसिद्ध 'बो' ब्रमेल. हा १७९४ साली घोडदळाच्या १०व्या लाइट ड्रॅगून्समध्ये अधिकारी म्हणून दाखल झाला होता. कापडावरची नक्षी गेल्यावर लपवायला जागा उरली नाही. आता कोट चांगला की वाईट हे फक्त त्याच्या आकारावरून ठरू लागलं आणि आकार तर आतून येतो. लष्करी गणवेश शिवणारे शिंपी यात पुढे होते, कारण सैनिकाची छाती पुढे आणि पोट आत दिसावं हे काम ते आधीपासून करतच होते. सूटच्या कोटाचं लेपल म्हणजे गळ्यापर्यंत बंद होणाऱ्या लष्करी कोटाचा वरचा भाग उलटून पाडलेला. लेपलवर जिथे आपण गुलाब खोचतो ते काज म्हणजे त्या वरच्या बटणाचंच. मागची मधली चीर घोड्यावर बसण्यासाठी आली.

आता प्रत्यक्ष आत जाऊ. इथे जरा वेळ काढा, कारण सगळा जीव इथे आहे.

चांगला कोट उसवला तर वरचं लोकरी कापड आणि खालचं अस्तर यांच्यामध्ये एक तिसरं कापड सापडतं, कॅनव्हास. आपल्याकडचे काही कारागीर प्रत्येक कडक कापडाला सरसकट बकरम म्हणून मोकळे होतात, पण बकरम म्हणजे खळीने कडक केलेलं कापड. खळ धुतली, वाफ लागली की संपली. कॅनव्हासचा ताठपणा धाग्यातच असतो. छातीच्या भागाला लागणाऱ्या कॅनव्हासमध्ये उभा धागा सुताचा किंवा लोकरीचा आणि आडवा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. घोड्याचा केस वाकवा आणि सोडा, तो परत सरळ होतो. म्हणजे हे कापड उभ्या दिशेने लोंबतं आणि आडव्या दिशेने स्प्रिंगसारखं वागतं. छातीला नेमकं हेच हवं असतं. केसाची लांबी शेपटीएवढीच असल्याने निव्वळ केसाच्या विणीचं कापड अरुंद निघतं. इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या कॅसल कॅरी गावी १८३७ साली जॉन बॉइड याने असं कापड विणायला सुरुवात केली, मुख्यतः खुर्च्या-कोचांसाठी, आणि तो कारखाना आजही घोड्याचे केस विणतो.

हा कॅनव्हास शिंपी आधी भिजवून आटवून घेतो. मग छातीच्या जागी त्यातून पाचरीसारखा तुकडा कापून काढतो आणि कापलेल्या कडा जवळ आणून शिवतो, की सपाट कापडाला वाटीसारखा फुगवटा येतो. खांद्याकडे उलट करतो: तिथे चीर देऊन कडा फाकवतो आणि मध्ये तुकडा भरतो, म्हणजे गळ्याच्या हाडाला खोलगट जागा मिळते. त्यावर केसांचा आणखी एक छोटा तुकडा, त्यावर मऊ फेल्ट, म्हणजे केस टोचू नयेत. लेपल जिथे वळतं त्या रेषेवर एक पट्टी लावतो, कापडापेक्षा किंचित आखूड. त्या आखूडपणामुळे कोट छातीला बिलगतो. पट्टी नसेल तर वाकल्यावर कोट पुढून फाकतो आणि आतला शर्ट दिसतो.

मग लेपलचे टाके. कापड आणि कॅनव्हास डाव्या हाताच्या बोटांवर गोल वाकवून धरायचं आणि ओळीने शेकडो तिरपे टाके घालत जायचे. सुईने वरच्या कापडाचा एखाद-दुसरा धागाच उचलायचा, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. वाकवलेल्या स्थितीत टाके पडल्यामुळे लेपल सपाट राहूच शकत नाही. ते बटणाकडे गोलाईने वळतं, आपोआप. कॉलरच्या खालच्या बाजूला असंच, तिथे तागाचा कॅनव्हास आणि जाड मेल्टन. बाकी सगळा कॅनव्हास कडेला आणि मोजक्या ठिकाणी सैल टाक्यांनी धरलेला असतो, म्हणून त्याला तरंगता कॅनव्हास म्हणतात. कापड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आटतं. कॅनव्हास आपल्या चालीने चालतो आणि टाके दोघांना सांभाळून घेतात. अंगाच्या उबेने आणि वापराने असा कोट काही महिन्यांत मालकाच्या छातीचा आकार घेतो. लंडनच्या सॅव्हिल रोवर अशा कोटाला निदान ५० तास हाताचं काम लागतं. त्यातला मोठा भाग गिऱ्हाइकाला कधी दिसतच नाही.

यंत्र आलं तेही लष्करासाठीच. बार्थेलमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायला ८० यंत्रं बसवली. पुढच्याच वर्षी पोट बुडेल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती फोडून टाकली. यंत्र अर्थात थांबलं नाही. पण लांब सरळ शिवणी यंत्राकडे गेल्या तरी कोटाच्या आतला भाग पुढे पुष्कळ काळ हाताकडेच राहिला.

घाई आणि कंत्राट एकत्र आलं की काय होतं, हे अमेरिकेने १८६१ साली पाहिलं. यादवी युद्ध सुरू झालं, हजारो स्वयंसेवकांना गणवेश तातडीने हवे होते. न्यूयॉर्कच्या पलटणींना जे मिळाले त्यातले पुष्कळसे 'शॉडी' कापडाचे होते. जुन्या लोकरी चिंध्या यंत्रात पिंजायच्या आणि त्यांतून पुन्हा कापड उभं करायचं, ही युक्ती इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या बॅटली गावात काही दशकं आधीच निघाली होती. नीट केलं तर शॉडी वाईट नाही. पण इथे गिरणीतला कचरा दाबून, चिकटवून, वरून इस्त्रीची चमक देऊन कापड म्हणून खपवला गेला. पहिल्या पावसात गणवेश अंगावर सुटायला लागले. 'शॉडी' या शब्दाला इंग्रजीत 'दिखाऊ आणि निकृष्ट' हा अर्थ घट्ट चिकटला तो या काळात. जाता जाता: आज भारतात शॉडीचं मोठं केंद्र म्हणजे पानिपत. जगभरातल्या जुन्या कोटांच्या, स्वेटरांच्या चिंध्या तिथे येतात आणि त्यांची ब्लँकेटं होतात. पानिपत म्हटलं की आपल्या मनात १७६१ उभं राहतं. त्याच मैदानाच्या शेजारी आता साहेबाच्या कोटाचा शेवट होतो.

याच युद्धात सैनिकांची मापं मोठ्या संख्येने घेतली गेली आणि त्यांवरून पुरुषांच्या कपड्यांचे ठरावीक साइझ बसवायला मदत झाली. तयार कपड्यांच्या धंद्याचा पाया लष्करी मापांवर पडला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे लंडनमध्ये फ्रेडरिक शोल्टे नावाचा मूळचा डच शिंपी होता. तो गार्ड्स पलटणींच्या अधिकाऱ्यांचे कोट शिवायचा आणि पुढे ड्यूक ऑफ विंडसरचा शिंपी म्हणून नावाजला. पट्टा आवळलेल्या लष्करी ग्रेटकोटात छातीवर आणि पाठीवर कापडाची एक सैल, उभी लाट पडते, हे त्याने हेरलं. भरदार छाती दाखवायला आत भराव कशाला, कापडच थोडं जास्त सोडू, असा त्याचा हिशेब. कॅनव्हास हलका आणि उरेब, खांद्यात भराव कमी, मुंढा उंच आणि लहान. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पेर अँडरसनने १९०६ साली सुरू केलेलं दुकान, अँडरसन अँड शेपर्ड, आजही या मऊ कोटासाठी ओळखलं जातं. इटलीत नेपल्सला १९३०च्या दशकात रुबिनाची यांच्या दुकानात विंचेन्झो अत्तोलिनी या कटरने याच्याही पुढे जाऊन भराव जवळजवळ काढून टाकला आणि अस्तर कमी केलं. समुद्रकाठच्या गरम गावाला ते शोभलंही. चांगला कोट म्हणजे आत भरपूर सामान, असं समजू नका. आत कमी ठेवून आकार टिकवणं जास्त कठीण, कारण चूक झाकायला काही उरत नाही.

भारतातल्या फौजेने आपल्या हवेवर वेगळाच उपाय काढला होता. खाकी ड्रिलचा सुती कोट धोब्याकडे जाणार, दगडावर आपटला जाणार, उकळला जाणार. त्यात घोड्याचे केस घालून कसं चालेल? म्हणून आत काही नाही. सगळा ताठपणा बाहेरून, स्टार्चचा. पितळी बटणं शिवलेली नसत. काजासारख्या भोकातून आत घालून मागे कडी अडकवलेली, म्हणजे धुण्याआधी सगळी काढता येतात. माझी स्वतःची तीसेक वर्षं गणवेशात गेली आणि उन्हाळी कपड्यांबाबत हा कडीचा व्यवहार हाताच्या सवयीचा झाला होता. थंडीच्या मेस ड्रेसची गोष्ट निराळी. त्या आखूड जॅकेटला पुढे बटणं लावत नाहीत, ते छातीवर उघडंच राहतं. बटण नाही म्हणजे आकार पूर्णपणे कॅनव्हासवर आणि त्या आखूड पट्टीवर. पलटणीचे जुने दर्जी मास्टर हे काम असं करायचे की कर्नलसाहेबांचं पोट दहा वर्षांनी सुटलं तरी जॅकेट तेच. शिवणीच्या आत ते दीड-दोन इंच कापड राखून ठेवत. शिवणकामात या राखलेल्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात, आणि हा शब्द ज्या कोणी दिला त्याला माझा सलाम.

बंदगळ्याचंही तसंच. तिथे लेपल नाही, म्हणून कारागिराची परीक्षा गळ्यात. दिवसभर घातल्यावर गळपट्टी घडी पडून कोलमडली, तर समजावं की आत नुसतं कडक कापड चिकटवलं आहे.

आणि आता आपण डिंकापाशी आलो. १९५०च्या दशकात कापडावर राळेचे बारीक ठिपके असलेलं आतलं कापड बाजारात आलं. गरम प्रेसखाली साधारण सव्वाशे ते दीडशे अंश सेल्सिअसला काही सेकंद दाबलं की राळ वितळते आणि वरच्या कापडाला चिकटते. हेच फ्युजिंग. आपले टेलर पेस्टिंगही म्हणतात. सुरुवात शर्टांच्या कॉलरी, कफ अशा लहान भागांपासून झाली. १९७०च्या दशकापर्यंत कोटाची अख्खी पुढची बाजू अशी तयार होऊ लागली. हाताच्या कित्येक तासांचं काम मिनिटभरात. याचा राग मला येत नाही. आधी ज्याच्या घरात कोट मागून आणावा लागे, त्या घरातला मुलगा मुलाखतीला स्वतःच्या कोटात जाऊ लागला तो या राळेमुळे. आमच्या पिढीतल्या अनेकांचा पहिला ब्लेझर असाच होता.

पण जे जातं तेही सांगायला हवं. चिकटवलेलं कापड आणि लोकर एकजीव होतात, मग दोघांनी वेगवेगळं फुगायचं-आटायचं कसं? दमट हवा, ड्रायक्लीनिंगचं द्रव, निष्काळजी वाफ, यांनी राळ जागोजाग सुटते आणि छातीवर फोड येतात. बडोद्याला राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या सुटाला दुसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर असेच फोड आले. शिवणारा म्हणाला धुणाऱ्याने घालवला, धुणारा म्हणाला माल तसलाच होता. "काका, उसवून दुसरा कॅनव्हास घालून मिळेल का हो?" असं त्याने मला विचारलं. नाही मिळत. राळेचे ठिपके कापडात गेलेले असतात. इस्त्री फिरवली तर फोड बसतात आणि थोड्या दिवसांनी परत येतात. टाक्यांचा कोट उसवता येतो, राळेचा येत नाही. माझ्या लेखी दोघांत खरा भेद हाच आहे. दिसण्यातला भेद पहिल्या वर्षी तर दुकानदारालाही पटकन सांगता येणार नाही. अलीकडचं चांगलं फ्युजिंग पूर्वीपेक्षा खूप टिकतं, हेही खरं.

मधला मार्ग म्हणजे हाफ कॅनव्हास: छाती आणि लेपलला खरा कॅनव्हास, खाली फ्युजिंग. वर्षातून चार-सहा वेळा कोट घालणाऱ्या माणसाला हा रास्त सौदा आहे. फक्त शब्दावर जाऊ नका. कधी कधी पूर्ण पुढची बाजू चिकटवलेली असते आणि छातीवर नावापुरता केसांचा तुकडा ठेवून त्यालाही हाफ कॅनव्हास म्हटलं जातं.

तपासायचं कसं? तयार कोट असेल तर सगळ्यात खालच्या बटणाच्या खाली, कडेपासून चार बोटं आत, वरचं कापड एका चिमटीत आणि अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच दूर करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर कॅनव्हास खालपर्यंत आहे. वरचं कापडच जाड आणि कागदासारखं लागलं, मधे काही सरकलं नाही, तर खाली फ्युजिंग आहे. मग हीच चिमटी छातीवर घ्या. लेपल बोटाने सपाट दाबून सोडा. गोलाईने परत उठतं का बघा. मागच्या मधल्या शिवणीला आतून चाचपा, माया किती आहे ते कळेल.

शिवून घेत असाल तर याहून सोपं आहे. ट्रायलला बोलावतील तेव्हा अस्तर लावायच्या आधी बोलवा म्हणावं. कच्च्या पांढऱ्या दोऱ्याने जोडलेला, बाह्या टाचलेला कोट अंगावर असतो आणि आतला सगळा माल उघडा दिसतो. मोठ्या शहरांत, छावणीच्या गावांत, अजूनही असे मास्टर आहेत की आपण आत पाहायला मागितलं तर त्यांचा चेहरा उजळतो. ते कोट उलटा करतात आणि चष्मा कपाळावर ढकलून एकेक टाका दाखवायला लागतात. त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका.